दोन धारावी, दोन साष्टी : दप्तरांच्या अंकरूप जतनाची एक चिकित्सा

१

काही काळापूर्वी एका पदव्युत्तर विद्यार्थ्याने वसईच्या मोहिमेवरील टिपण प्रस्तुत लेखकाकडे तपासण्यासाठी आणून दिले. टिपण परिश्रमपूर्वक लिहिलेले होते. मोहिमेच्या पत्रव्यवहारात वारंवार येणारे ‘धारावी’ हे नाव त्याने संगणकाच्या साहाय्याने शोधून काढले होते, प्रत्येक उल्लेखाची नोंद केली होती आणि सोबत एक नकाशाही जोडला होता. नकाशावरील खूण मुंबईतील माहीमच्या खाडीकाठच्या धारावीवर पडली होती. आपल्या निर्णयाच्या पुष्ट्यर्थ त्याने पुरावाही दिला होता. त्या धारावीत काळा किल्ला नावाची गढी आजही उभी आहे, आणि ती मुंबईचा गव्हर्नर जॉन हॉर्न याच्या आज्ञेने १७३७ साली बांधली गेली, असे तेथील शिलालेख सांगतो. वसईची मोहीम सुरू झाली तीही १७३७ सालीच. नाव जुळले, किल्ला जुळला, वर्षही जुळले. मग शंका कशाची घ्यावी?

शंका घेण्याजोगी एकच गोष्ट होती. मराठ्यांचे युद्ध पोर्तुगीजांशी चालले होते, आणि मुंबईतील ती गढी इंग्रजांची होती. मोहिमेच्या पत्रांतील धारावी ही वसईच्या खाडीच्या दक्षिण तीरावर, वसईच्या किल्ल्यासमोर आहे. भाईंदर पश्चिमेहून मुर्धा, राई, मोर्वा ही गावे ओलांडून उत्तनकडे जाताना डोंगरी-चौक परिसरात जी टेकडी लागते, तिच्यावर तो किल्ला होता. खाडीचे मुख जो आवळील त्याने वसईची रसद आवळली, असा तेथील भूगोल आहे, आणि म्हणूनच या ठाण्यासाठी इतका रक्तपात झाला. धारावी देवीचे मंदिर आजही त्या परिसरात आहे. ज्याने तो रस्ता एकदा पाहिला आहे त्याला हे सांगावे लागत नाही. ज्याने केवळ पडद्यावर शब्द शोधला त्याला ते कळण्याचा कोणताही मार्ग त्या सामग्रीत ठेवलेला नव्हता.

विद्यार्थ्याचा दोष येथे गौण आहे. त्याला जी साधने मिळाली त्यांचा त्याने यथाशक्ती उपयोग केला. दोष आहे तो साधनांच्या रचनेत, आणि त्या रचनेमागील एका समजुतीत. कागदाचे छायाचित्र घेऊन ते संगणकात साठविले की कागदाचे जतन झाले, ही ती समजूत होय. प्रस्तुत लेखात या समजुतीची तपासणी करावयाची आहे. दप्तर म्हणजे कागदांची रास नसून कागदांचे परस्परसंबंध होत. अंकरूप प्रत त्या संबंधांसह झाली तरच तिला जतन म्हणता येईल, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

२

प्रथम ‘दप्तर’ आणि ‘ग्रंथ’ यांतील भेद स्पष्ट केला पाहिजे. पोथी ही स्वयंपूर्ण असते. तिला आरंभ असतो, पुष्पिका असते, बहुधा कर्त्याचे व लेखकाचे नाव असते. एखाद्या पोथीचे छायाचित्रण पानापानाने झाले तर तिचा बहुतांश आशय त्या चित्रांत उतरतो. दप्तरातील कागदाचे तसे नाही. एखाद्या चिठ्ठीवर ‘सदरहूप्रमाणे पाठविणे’ एवढेच असते, आणि सदरहू म्हणजे काय हे तिच्या मागच्या कागदावर असते. दोन कागद एका रुमालात शेजारी होते, हाच कित्येकदा त्यांच्या अर्थाचा एकमेव पुरावा असतो.

या भेदाकडे धोरणाच्या पातळीवरही दुर्लक्ष झालेले दिसते. २००३ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय पांडुलिपी मिशनने आपल्या कार्यासाठी हस्तलिखिताची जी व्याख्या केली, तिच्यात किमान ७५ वर्षे जुन्या व ज्ञानमूल्य असलेल्या हस्तलिखित रचनांचा समावेश केला, आणि फर्माने, महसुली कागद यांसारखी ऐतिहासिक साधने त्याहून भिन्न मानली. एका कार्याची मर्यादा आखून घेणे यात गैर काही नाही. तथापि ज्या प्रदेशाचा लेखनव्यवहार प्रामुख्याने महसूल, न्याय, वतन आणि लष्कर यांच्या कागदांतून झाला, त्या महाराष्ट्राच्या दृष्टीने या व्याख्येचा परिणाम सामान्य नव्हे. येथे ज्ञान पोथीत जितके आहे तितकेच, किंबहुना भाषेच्या अभ्यासकाच्या दृष्टीने अधिक, हिशेबाच्या कागदांत आहे.

पुण्याच्या पेशवे दप्तराचे उदाहरण घ्यावे. सुमारे पस्तीस हजार रुमालांत बांधलेले हे दप्तर १८९१ सालच्या दगडी इमारतीत ठेवले आहे. इनाम कमिशनच्या कामासाठी इंग्रजी अमलात या कागदांची उलथापालथ झाली, म्हणजे मूळ क्रमावर पहिला आघात तेव्हाच झाला. पुढे गो. स. सरदेसाई यांच्या संपादकत्वाखाली १९३० ते १९३४ या काळात निवडक कागदांचे ४५ खंड प्रसिद्ध झाले. इतक्या अल्पावधीत झालेले ते कार्य पाहून आजही मन थक्क होते. परंतु त्या निवडीने राजकारण व मोहिमा यांना झुकते माप दिले, आणि विषयवारी लावताना कागद आपल्या शेजाऱ्यांपासून तोडले गेले, ही गोष्टही तितकीच खरी. मुद्रित खंडातील पत्र वाचणाऱ्यास त्याच रुमालात त्याच दिवशीचा धान्याचा किंवा नावाड्यांच्या मजुरीचा कागद होता की नाही, हे कळत नाही.

सरदेसायांना कागदाच्या व छपाईच्या खर्चाची मर्यादा होती, त्यामुळे निवड करणे त्यांना प्राप्तच होते. आज ती मर्यादा बव्हंशी नाहीशी झाली आहे. संपूर्ण रुमाल, रिकाम्या पाठींसह, क्रमाने चित्रित करता येतो. तरीही जर आपण ‘महत्त्वाचे’ कागद वेचून त्यांचीच चित्रे करू, तर नव्या यंत्राने जुनीच चूक, तीही मोठ्या प्रमाणावर, केल्यासारखे होईल.

३

येथवर जे लिहिले त्यावरून प्रस्तुत लेखकाचा अंकरूप प्रतींना विरोध आहे असा ग्रह होऊ नये. त्यांची आवश्यकता दोन कारणांनी सिद्ध आहे.

पहिले कारण सुरक्षिततेचे. ५ जानेवारी २००४ रोजी पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरावर जमावाने हल्ला केला आणि ग्रंथ, हस्तलिखिते व इतर संग्रह यांची नासधूस केली. ज्या संस्थेने १९१९ ते १९६६ एवढा दीर्घ काळ खपून महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्धीस नेली, तिच्या संग्रहावर काही तासांत हे संकट ओढवले. अग्नी, पूर, वाळवी यांच्या जोडीला मनुष्य हाही संग्रहांचा शत्रू असतो, हे त्या दिवशी सर्वांच्या प्रत्ययास आले. एकच प्रत एकाच ठिकाणी असणे हा धोका पत्करण्याचे आज काहीच कारण उरलेले नाही.

दुसरे कारण अधिक विधायक आहे. एका लहानशा प्रदेशाचे कागद इतिहासाच्या ओघात किती दूरवर विखुरतात, याचे ठाणे-वसईचा मुलूख हे उत्तम उदाहरण आहे. मराठ्यांचे कागद पुण्यात आहेत. इंग्रजांचे कागद मुंबईच्या पुराभिलेखागारात आहेत, ज्याची स्थापना १८२१ सालची. पोर्तुगीजांचे कागद गोव्यात आहेत, जेथील दप्तराची परंपरा १५९५ सालापासूनची असून दियोगू दो कौतू हा त्याचा पहिला रक्षक होता. त्यांपैकी काही कागद पुढे लिस्बनला गेले आणि तेथील राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. भाईंदरच्या एखाद्या गावाचा १७३० ते १७८० या अर्धशतकाचा इतिहास लिहावयाचा तर अभ्यासकाला पुणे, मुंबई, पणजी आणि लिस्बन असा प्रवास करावा लागे. सामान्य विद्यार्थ्यास हे अशक्यच. अंकरूप प्रती ही चार दप्तरे एका मेजावर आणून ठेवू शकतात. आजवर कोणत्याही राजवटीने केली नाही अशी ही गोष्ट आहे.

मात्र चार दप्तरे शेजारी ठेवल्याने ती एकमेकांशी बोलू लागत नाहीत, कारण त्यांची भाषा, लिपी, कालगणना आणि नामोच्चार भिन्न आहेत. त्यांच्यात दुभाष्याचे काम करणारी एक रचना लागते. हल्लीच्या बहुतेक प्रकल्पांत उणीव आहे ती याच रचनेची.

४

स्थलनामांचा प्रश्न आधी घेऊ. भाईंदर ज्या बेटावर वसले आहे त्याला जुन्या कागदांत साष्टी म्हणतात. गोव्यात मडगावच्या परिसरालाही साष्टी म्हणतात. दोहोंची व्युत्पत्ती सहासष्ट गावांच्या संख्येवरून लावतात, आणि पोर्तुगीजांनी दोन्ही नावे जवळजवळ एकाच वर्तनीने लिहिली. दोन्ही प्रदेश एके काळी पोर्तुगीजांच्याच ताब्यात होते, आणि १७३७ ते १७३९ या काळात मराठ्यांच्या हालचाली दोन्हीकडे चालू होत्या. ज्या सूचीत केवळ ‘साष्टी’ असा शब्द टिपलेला आहे, ती सूची वाचकाला वाट दाखविण्याऐवजी चकव्यात पाडते.

सामान्यनामांचीही हीच गत. ‘आगर’ हा शब्द मोल्सवर्थच्या कोशात नारळी-पोफळीची बाग आणि मिठाची जागा अशा दोन्ही अर्थांनी नोंदलेला आहे. दक्षिण कोकणात पहिला अर्थ स्वाभाविक, ठाण्याच्या खाडीकाठी दुसरा. ‘आगरी’ या समाजनामाचा संबंध या शब्दाशी जोडला जातो तो याचमुळे. एखाद्या कागदात आगराच्या उत्पन्नाचा आकडा असेल, तर तो नारळाचा की मिठाचा हे कागद कोठला आहे त्यावर ठरते. कागद आपल्या रुमालापासून सुटला आणि ठिकाणाची नोंद झाली नाही, तर त्या आकड्यावर उभारलेला सारा आर्थिक इतिहास डळमळीत होतो.

कालगणनेचा गुंता याहून सूक्ष्म आहे. मराठी कागदांत शुहूर सन अरबी संख्यावाचकांनी लिहिला जातो. ‘तिसा सलासीन मया व अलफ’ म्हणजे नऊ, तीस, शंभर आणि हजार, अर्थात ११३९. हे वर्ष मृग नक्षत्री सूर्य जातो त्या सुमारास बदलते. म्हणून ११३९ हे वर्ष १७३८ च्या मृगापासून १७३९ च्या मृगापर्यंत चालते. त्यात ५९९ मिळवावयाचे की ६०० हे महिन्यावर अवलंबून असते, आणि ज्या कागदावर महिना नाही त्याला इसवी सनाचे एकच वर्ष चिकटविणे म्हणजे नसलेली निश्चिती निर्माण करणे होय. भरीस भर म्हणजे इंग्रजांनी १७५२ पर्यंत जुने जुलियन पंचांग चालविले, तर पोर्तुगीज १५८२ पासूनच ग्रेगोरियन पंचांग वापरीत. अठराव्या शतकात या दोहोंत अकरा दिवसांचे अंतर पडते. वसईच्या पाडावाच्या तारखा निरनिराळ्या पुस्तकांत निरनिराळ्या का सापडतात, याचे एक कारण येथे आहे.

संगणकाच्या नोंदपत्रकात दिनांकासाठी एकच रकाना असतो, आणि तो भरल्याशिवाय पुढे जाता येत नाही अशी बहुधा योजना असते. नोंद करणारा कारकून मग काहीतरी भरतो. पुढच्या पिढीचा अभ्यासक तेच ‘काहीतरी’ प्रमाण मानून काम करतो. यावर उपाय अवघड नाही. कागदावरील दिनांक जसाच्या तसा एका रकान्यात असावा, त्यावरून काढलेला इसवी दिनांक, आवश्यक तेथे ‘या दिवसापासून त्या दिवसापर्यंत’ अशा मर्यादेने, दुसऱ्यात असावा, आणि तो कोणी कोणत्या रीतीने काढला हे तिसऱ्यात असावे. हेच तत्त्व स्थलनामांस लावले, म्हणजे कागदावरील उच्चार वेगळा आणि निश्चित केलेले स्थान वेगळे ठेवले, तर दोन धारावींचा घोटाळा होणार नाही.

५

आता वाचनाचा प्रश्न. मोडी लिपी विसाव्या शतकाच्या मध्यास शालेय शिक्षणातून गेली. ती सहज वाचणाऱ्यांची पिढी आता जवळजवळ संपली असून, पुराभिलेख खात्याचे व काही संस्थांचे प्रशिक्षणवर्ग यांवरच पुढची परंपरा अवलंबून आहे. जून २०१४ मध्ये युनिकोडच्या सातव्या आवृत्तीत मोडीला स्वतंत्र स्थान मिळाले, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु अक्षराला संकेतांक मिळणे वेगळे आणि हस्ताक्षर वाचता येणे वेगळे.

मोडीत शब्द तोडून लिहिण्याचा प्रघात नाही. इकार-उकारांचा ऱ्हस्वदीर्घ भेद सामान्यतः पाळला जात नाही. देवनागरीत उतरविताना वाचक शब्द तोडतो, ऱ्हस्वदीर्घ ठरवितो, संक्षेप फोडतो. अर्थात देवनागरी प्रत ही नक्कल नसून अर्थनिर्णय असतो. हा निर्णय कोठे संपतो आणि कागद कोठे सुरू होतो, हे दाखविण्याची सोय अंकरूप प्रतीत मुद्रणापेक्षा कितीतरी अधिक आहे. चित्र, अक्षरशः उतारा आणि वाचनसुलभ पाठ असे तीन थर परस्परांशी जोडून ठेवता येतात. प्रत्यक्षात मात्र बहुधा एक चित्र किंवा एक पाठ एवढेच वाचकाच्या हाती येते.

अलीकडे यंत्राकडून मोडी वाचून घेण्याचे प्रयत्न सुरू झाले आहेत. त्यांचे स्वागत केले पाहिजे, कारण कोट्यवधी कागद मनुष्यबळाने वाचून होणे नाही. परंतु पाठचिकित्सेच्या विद्यार्थ्याने येथे एक धोका ओळखला पाहिजे. दोन पाठांपैकी जो अधिक कठीण, अधिक अपरिचित, तोच बहुधा मूळचा असतो, असे एक सूत्र आपण शिकतो. लेखनिक अपरिचिताचे परिचित करतो, उलट सहसा करीत नाही. संभाव्यतेवर चालणारे यंत्र हे या दृष्टीने सर्वांत आज्ञाधारक आणि सर्वांत घातक लेखनिक आहे. जे रूप त्याने पुष्कळदा पाहिले असेल तेच ते संदिग्ध जागी वाचते. उत्तर कोकणातील लेखनिकाने आपल्या बोलीप्रमाणे ‘घोडा’ऐवजी ‘घोरा’, ‘डोळा’ऐवजी ‘डोला’, ‘पाणी’ऐवजी ‘पानी’ लिहिले असेल, तर यंत्र ते शुद्ध करून वाचील, आणि अडीचशे वर्षांपूर्वीच्या बोलीचा एकुलता एक साक्षीदार कोणाच्याही नकळत नाहीसा होईल.

याचे गांभीर्य राजवाड्यांच्या एका उदाहरणाने लक्षात येईल. इतिहासाचार्यांनी मराठ्यांच्या इतिहासाची साधने १८९८ पासून प्रसिद्ध केली, ती केवळ इतिहासकारांसाठी नव्हेत. निरनिराळ्या काळच्या पत्रांतील फारसी शब्द मोजून, सतराव्या शतकाच्या प्रारंभी त्यांचे प्रमाण किती मोठे होते व अठराव्या शतकात ते कसे घटले, हे त्यांनी दाखविले. मराठी भाषेच्या इतिहासातील ती मोजणी पुढे अनेकांनी आधारास घेतली. ती शक्य झाली, कारण पत्रातील प्रत्येक शब्द जसा होता तसा त्यांनी राखला. ज्या उताऱ्यात शब्दरूपे यंत्राने किंवा उत्साही संपादकाने समतल केली आहेत, त्यावर असली मोजणी करता येणार नाही, आणि केली तर ती यंत्राच्या सवयींची मोजणी ठरेल.

६

लिखिताविषयी जे खरे ते उच्चारिताविषयी अधिकच खरे. ग्रियर्सनच्या भाषासर्वेक्षणाच्या १९०५ साली निघालेल्या सातव्या खंडात कोकणच्या बोलींत आगरी, कोळी आणि किरिस्तांव या बोलींचे नमुने आहेत. या तिन्ही बोली भाईंदर-उत्तन परिसराच्या आहेत. नमुने म्हणून बहुतेक ठिकाणी उधळ्या पुत्राच्या दृष्टांताचे भाषांतर वापरले गेले आणि ते सरकारी अधिकाऱ्यांकरवी गोळा झाले. म्हणजे जे हाती लागले ते स्वाभाविक संभाषण नसून लेखी मजकुराचे बोलीतील रूपांतर होय. पुढे १९१३ पासून काही भाषांच्या ध्वनिमुद्रिकाही करण्यात आल्या, आणि त्या आज शिकागो विद्यापीठाच्या संग्रहातून कोठेही बसून ऐकता येतात. अ. मा. घाटगे यांच्या मराठी बोलींच्या सर्वेक्षणाचे खंड १९६३ पासून निघू लागले. अगदी अलीकडे डेक्कन महाविद्यालय आणि राज्य मराठी विकास संस्था यांच्या सहकार्याने बोलींचे नवे सर्वेक्षण झाले, आणि त्यात शब्दभेदांचे नकाशे व ध्वनिनमुने अभ्यासकांसाठी खुले केले गेले. बोलणाऱ्याचे गाव व सामाजिक स्थान यांसह केलेली ही नोंद म्हणजे आपण ज्या रचनेचा आग्रह धरीत आहोत तिचे एक जवळचे उदाहरण होय.

तथापि सर्वेक्षणाचे जाळे कितीही बारीक विणले तरी त्यातून गावे निसटतात. १९९१ च्या जनगणनेत मीरा-भाईंदरची लोकसंख्या १,७५,६०५ होती, ती २०११ मध्ये ८,०९,३७८ झाली. वीस वर्षांत साडेचार पटींहून अधिक वाढलेल्या वस्तीत मूळ गावकऱ्यांची बोली किती अल्पसंख्य झाली असेल, याची कल्पना करता येईल. मिठागरांवर राबलेली पिढी वृद्ध झाली आहे. खाजण, खार, उघाडी हे शब्द कोशात सापडतील. परंतु भरतीचे पाणी आत घेण्यापासून मिठाची रास होईपर्यंतच्या प्रत्येक अवस्थेला, अवजाराला, वाऱ्याला आणि चुकीला या गावांत काय म्हणतात, हे सांगणारी माणसे राई-मुर्ध्याच्या ओट्यांवर बसलेली आहेत. त्यांचा आवाज टिपण्यासाठी लागणारे यंत्र प्रत्येक विद्यार्थ्याच्या खिशात आहे. नाही तो काय विचारावे याचा आराखडा आणि टिपलेल्याची नोंद कशी ठेवावी याची शिस्त.

नोंदीवाचून ध्वनी म्हणजे काय, हे प्रस्तुत लेखकाला स्वतःच्या अनुभवाने कळले आहे. विद्यार्थिदशेत केलेल्या काही ध्वनिफितींवर त्याने केवळ गावांची नावे लिहून ठेवली होती. आज त्या ऐकताना एका स्त्रीचा स्पष्ट, सुरेख उच्चार कानी पडतो, पण ती कोण, किती वयाची, लग्न होऊन कोठून आलेली, यांतले काहीच सांगता येत नाही. आवाज सुरक्षित आहे, पुरावा मात्र गेला.

७

शेवटचा प्रश्न टिकाऊपणाचा. कागदाच्या नाशाची लक्षणे डोळ्यांना दिसतात. अंकरूप सामग्रीचा नाश मुकाट्याने होतो. मराठी वाचकाला याचे उदाहरण परदेशातून आणावयास नको. गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात असंख्य मराठी ग्रंथ व नियतकालिके वेगवेगळ्या कंपन्यांच्या टंकांत संगणकावर जुळविली गेली. प्रत्येक टंकाचा अक्षरसंकेत निराळा होता. आज ती संचिका उघडली तर पुष्कळदा अर्थहीन रोमन चिन्हांची ओळ दिसते, आणि त्याच पुस्तकाची छापील प्रत मात्र निमूटपणे वाचता येते. तीस वर्षांचे अंकरूप लेखन तीनशे वर्षांच्या मोडी कागदापेक्षा दुर्वाच्य व्हावे, यात मोठा धडा आहे. खुला व सर्वमान्य संकेत, खुले संचिकास्वरूप, भिन्न ठिकाणी ठेवलेल्या किमान तीन प्रती, आणि प्रत्येक संचिकेची ठराविक काळाने पडताळणी, इतकी पथ्ये पाळल्याशिवाय ‘कायमस्वरूपी जतन’ हा शब्दप्रयोग करू नये.

उलट, नीट केलेले अंकरूपांतर किती फलदायी होते हेही सांगितले पाहिजे. मोल्सवर्थच्या १८५७ च्या आवृत्तीचे आणि दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशाचे शिकागो विद्यापीठाने केलेले रूपांतर आज प्रत्येक मराठी अभ्यासकाच्या नित्य उपयोगाचे आहे. त्यात शब्द शोधता येतो, आणि मूळ ग्रंथातील पृष्ठांकही मिळतो, म्हणजे शंका आल्यास वाचक मूळ पानाकडे जाऊ शकतो. मूळाकडे परत जाण्याची ही वाट खुली ठेवणे, हेच विश्वासार्ह अंकरूप प्रतीचे लक्षण मानावे.

८

यावर एक आक्षेप येईल, आणि तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. कागद रोज जीर्ण होत आहेत. आधी मिळेल त्या रीतीने चित्रे घ्यावीत, सूची आणि चिकित्सा मागाहून होईल, असे कोणी म्हणेल. नाशाच्या उंबरठ्यावर असलेल्या कागदांच्या बाबतीत हे म्हणणे मान्य करावे लागेल. परंतु क्रम राखून चित्र घेणे आणि क्रम मोडून चित्र घेणे यांस लागणारा वेळ सारखाच असतो. रुमालाचा क्रमांक, कागदाचे स्थान, पाठपोट, बाहेरचे वेष्टन यांची नोंद चित्र घेतानाच करावी लागते. ती मागाहून होत नाही, कारण मागाहून ती माहितीच शिल्लक नसते. सूची उशिरा होऊ शकेल, पण मूळ क्रम एकदा गेला की पुन्हा मिळत नाही.

दुसरे असे की, यंत्रासाठी अनुदान मिळते आणि वाचकासाठी मिळत नाही, ही आपल्याकडील वस्तुस्थिती आहे. यंत्र दाखविता येते, त्याचे उद्घाटन करता येते. मोडी वाचणारा, पोर्तुगीज जाणणारा किंवा बोलीचे ध्वनिलेखन करणारा तरुण घडविण्यास पाच-सात वर्षे लागतात, आणि त्याचे उद्घाटन होत नाही. विद्यापीठीय विभागांनी आपला भार या दुसऱ्या पारड्यात टाकला पाहिजे.

म्हणून आपल्या विभागापुढे एक मर्यादित सूचना ठेवावीशी वाटते. पदव्युत्तर परीक्षेच्या प्रबंधिकेऐवजी, ज्यांची इच्छा असेल त्यांना, एका रुमालाचा किंवा एका गावाच्या ध्वनिनमुन्यांचा संपूर्ण अंकरूप पाठ सिद्ध करण्याची मुभा असावी. मूळ क्रम, चित्र अथवा ध्वनी, अक्षरशः उतारा, वाचनसुलभ पाठ, स्थलनामांची व दिनांकांची कारणांसह निश्चिती, आणि जेथे निश्चिती होत नाही तेथे तसे स्पष्ट लिहिणे, इतक्या अटी त्यास असाव्यात. दहा विद्यार्थ्यांनी दहा वर्षे हे केले तर शंभर रुमाल किंवा गावे होतील. पस्तीस हजारांपुढे ही संख्या नगण्य आहे. पण यंत्रांना वाचन शिकवावयाचे तर विश्वसनीय पाठांची सामग्री अशाच कामातून मिळेल, आणि ते पाठ तपासू शकणारी शंभर माणसेही त्यातूनच तयार होतील.

ज्या विद्यार्थ्याच्या टिपणाने या लेखाचा आरंभ झाला, तो पुढे एका रविवारी चौकच्या टेकडीवर जाऊन आला. परत आल्यावर त्याने नकाशावरील खूण बदलली, आणि तळटीपेत दोन्ही धारावींची स्थाने, त्यांतील कोणती कोणत्या कारणाने स्वीकारली याच्या विवेचनासह, लिहिली. ती तळटीप सहा ओळींची आहे. आपल्या सूचीतील प्रत्येक संशयित नावामागे अशा सहा ओळी असाव्यात, एवढीच या लेखाची मागणी आहे.